जरा खाली मारा ना

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मनीष नगरात आमच्या बिल्डिंगची लाईट गेली होती, म्हणजे आधी वादळ, मग धूळ, मग चार मोठे मोठे थेंब आणि मग कुठंतरी डीपीवर फट्कन आवाज, हा क्रम नागपुरात सगळ्यांनाच पाठ आहे. लिफ्ट बंद, म्हणून मी चौथ्या मजल्यावरून जिन्याने खाली उतरून राहिलो होतो. हातात नवी कोरी टॉर्च, तीनच दिवसांआधी बर्डीच्या फुटपाथवरून साडेचारशेला घेतलेली, काळी, धातूची, तोंडाला दातेरी कडं, अंगावर इंग्रजीत टॅक्टिकल लिहिलेलं. खरं सांगू का, लाईट गेली तेव्हा मला आनंदच झाला होता. खाली गेटजवळ चौकीदार काका खुर्चीवरून उठून माझ्याचकडे येत होते, कोण आहे बघायला, आणि मी बटण दाबलं. आता त्या टॉर्चचं असं होतं की बंद करून परत चालू केली की ती पुढच्या मोडवर जायची, आधी फुल, मग कमी, मग ती लुकलुक. वर जिन्यात दोनदा चालू-बंद करून झाली होती, त्यामुळे आता नंबर लुकलुकीचा होता. पांढराफटक उजेड, थडथड थडथड, त्या माणसाच्या थेट तोंडावर. त्यांनी कोपर डोळ्यांसमोर धरलं, एक पाय मागं गेला, प्लास्टिकची खुर्ची आडवी झाली. मी घाबरून परत बटण दाबलं तर बाईसाहेब फुलवर आल्या. तेव्हा ते आवाज न चढवता म्हणाले, "भाऊ, जरा खाली मारा ना. डोळ्याचं आपरेशन झालं ना माह्यं."

मोतीबिंदूचं. तीन आठवडे झाले होते. मी त्या गेटमधून दिवसातून चार वेळा जातो-येतो, मधले आठ-दहा दिवस तिथं दुसराच माणूस बसलेला होता हेही मी बघितलं होतं, आणि मनाशी ठरवून टाकलं होतं की काका लग्नाबिग्नाला गावी गेले असतील, रामटेककडे. विचारलं नव्हतं. त्या रात्री मी सॉरी-सॉरी करत टॉर्च जमिनीकडे केली, ते म्हणाले काही नाही हो भाऊ, आणि खुर्ची उचलून परत बसले. त्यांच्या मांडीवर त्यांची स्वतःची टॉर्च होती, चार्जिंगची, पिवळ्या प्लास्टिकची, काचेला तडा गेलेला आणि त्यावर खाकी टेप. ती त्यांनी एकदाही माझ्या तोंडावर मारली नव्हती. मी कोण आहे हे त्यांना माझ्या चपलांवरून कळलं असणार.

खाली मारा. हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

आमच्या घरी टॉर्चला टॉर्च कोणी म्हटलंच नाही कधी. बॅटरी म्हणायचे. बॅटरी आण, बॅटरी मार, बॅटरीतले सेल गेले. विजेरी हा शब्द फक्त पाठ्यपुस्तकात राहायचा, तो बाहेर कोणाच्या तोंडी मी ऐकला नाही. बाबांची बॅटरी स्टीलची होती, तीन सेलची, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, मधोमध सरकतं बटण आणि डोक्याशी फिरवायचं कडं, ते फिरवलं की उजेडाचा गोळा लहान-मोठा व्हायचा आणि त्या गोळ्याच्या ऐन मध्ये एक काळा डाग पडायचा, मेदूवड्याला भोक असतं तसा. आमचं वावर सावनेरकडे, संत्र्याची थोडी झाडं, बाकी गहू-हरभरा. ओलिताला लाईट एक आठवडा दिवसाची तर एक आठवडा रात्रीची, आणि रात्रीचा आठवडा नेमका थंडी पडली की यायचा असं मला तेव्हा वाटायचं. बाबा अंगावर जुनं घोंगडं, डोक्याला मफलर, काखेत बॅटरी दाबून दोन्ही हातांनी दांडातली माती ओढायचे, पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायचे, आणि काखेतला तो उजेड त्यांच्या श्वासाबरोबर वरखाली व्हायचा. मी बांधावर बसून राहायचो. दूर खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या धुरांड्यांवरचे लाल दिवे लुकलुकत असायचे. आमच्या डोळ्यांदेखत तिथं वीज तयार व्हायची आणि आम्ही मात्र अंधारात मोटार सुरू व्हायची वाट बघत, याचा राग मला फार नंतर आला, तेव्हा ते दिवे फक्त छान दिसायचे.

बाबांचा एक नियम होता. पांदणीने रात्री चालताना समोरून माणूस आला की ते बॅटरीच्या काचेवर तळहात ठेवायचे. बोटं आतून लाल व्हायची, हाडांच्या जागी थोडी काळपट, आणि तेवढ्याच उजेडात दोन माणसं एकमेकांना ओळखायची, कोण, मी, ओलिताला का, हाव, आणि पुढं जायची. मी एकदा हौसेने एका म्हाताऱ्याच्या तोंडावर बॅटरी मारली तर बाबांनी माझ्या हातावर चापट दिली होती. "पायाजवळ मार. त्याले दिसन, तुले बी दिसन." त्यामागं शहाणपण होतंच, अंधाराला सरावलेले डोळे एकदा दिपले की परत सरावायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो आणि तेवढ्या वेळात मण्यारीवर पाय द्यायला एक सेकंद पुरतो. पण मला वाटतं शहाणपणापेक्षा ती रीत जास्त होती. तोंडावर उजेड चोराच्या मारतात.

सेलचंही एक जातीपातीसारखं असायचं. नवे सेल बॅटरीला. बॅटरीत मंद पडले की रेडिओला. रेडिओत घरघरायला लागले की अजून दोन दिवस टिनावर उन्हात ठेवायचे, मग परत रेडिओ. तिथंही मेले तर निदान आम्हा पोरांना खेळायला. सेल उन्हात ठेवल्यावर खरंच थोडी धुगधुगी यायची, ते गरम झाल्यामुळं आतली रासायनिक क्रिया जरा वेग घ्यायची इतकंच, पण आईला वाटायचं उन्हातून करंट भरतो, आणि मेच्या नागपुरी उन्हाकडं बघितलं तर तिचं चुकलं असंही म्हणवत नाही.

असो. तर साडेचारशेची ती टॉर्च मी घेतलीच काहून? याचं एक कारण २३ सप्टेंबर २०२३. त्या रात्रीचं मी इथं परत सांगत बसत नाही, चार तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, ज्यांच्या घरात पाणी शिरलं ते आणि ज्यांच्या नाही शिरलं ते असे नागपूरचे दोन भाग त्या सकाळी झाले. माझा मावसभाऊ डागा लेआऊटमध्ये तळमजल्यावर. त्याने मला नंतर जे सांगितलं त्यात पाण्यापेक्षा मोबाईलचीच गोष्ट जास्त होती. पहाटे जाग आली ती पलंगाखाली काहीतरी तरंगत भिंतीला टकटक करून राहिलं होतं त्याने. लाईट नाही. मोबाईलचा फ्लॅश लावला, तर आता एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हाताने आईला उचलायचं कसं? मोबाईल दातात धरला. मग फोन वाजला, बहुतेक माझाच होता, तो उचलायचा तर उजेड जातो, उजेड ठेवायचा तर फोन जातो, आणि या घोळात मोबाईल पाण्यात. "दोन्ही गेले एकदमच," तो म्हणाला आणि हसला. आता हसतो. त्याच्या घरी भिंतीवर कंबरेएवढ्या उंचीवर मातीची रेघ होती, रंग दिल्यावरही ती ओल धरून पावसाळ्यात परत वर येते.

तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की उजेड वेगळा पाहिजे आणि फोन वेगळा. रोज खिशात राहील असा. इंटरनेटवर यालाच एव्हरीडे कॅरी म्हणतात, लोक रोज खिशात काय काय नेतात त्याचे छान फोटो टाकतात, लाकडी टेबलावर चाकू, पेन, टॉर्च, किल्ल्या ओळीनं मांडून. मला ते बघताना आजोबांची आठवण येते. त्यांच्या कमरेला चंची, चंचीत पान, सुपारी, चुन्याची डबी, अडकित्ता, आणि एप्रिल उजाडला की सदऱ्याच्या खिशात एक कांदा. लू लागू नये म्हणून. त्या कांद्याने काय व्हायचं मला माहीत नाही, पण विदर्भातली एव्हरीडे कॅरी म्हणायची तर तीच, आणि ती फोटोत कोणी मांडत नाही.

चौकीदार काकांच्या त्या प्रकरणानंतर मी ती टॉर्च टेबलावर उघडून बसलो. विकणारा म्हणाला होता, "मिल्ट्रीवाला माल है भाऊ, पाँच हजार ल्युमेन, दो किलोमीटर मारता है." मागचं झाकण फिरवून सेल काढला. निळा, त्यावर ९८०० एमएएच छापलेलं, म्हणजे सेलात किती वीज मावते त्याचं माप. आता हा सेल १८६५०, म्हणजे अठरा मिलीमीटर जाड आणि पासष्ट मिलीमीटर लांब, नावातच माप. चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा घेतला तरी या आकारात साडेतीन हजारांच्या आसपास मावतात, ९८०० म्हणजे पायलीच्या मापात तीन पायल्या जवारी. आणि असा सेल वजनाला पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढं भरला पाहिजे. बायको केकचं सामान मोजते त्या काट्यावर ठेवला. सव्वीस. ती बाजूला उभी राहून बघून राहिली होती. "अहो, सेल मोजतात का कोणी?" म्हटलं, आजवर नव्हता मोजला, हीच चूक झाली.

मग वाचायला लागलो, आणि एकदा वाचायला लागलो की मी काही थांबत नाही हे घरी सगळ्यांना माहीत आहे. ल्युमेन म्हणजे एकूण किती उजेड बाहेर पडला ते, आणि तो किती लांब जातो त्याचा हिशोब वेगळा, त्याला कँडेला. मला हे कळलं ते ओलितामुळंच. मोटार तीच, पाणी तेवढंच, पण पाईपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार तिसऱ्या वाफ्यापर्यंत जाते आणि काढला की पायाशी पसरते. खोल गुळगुळीत आरशाची टॉर्च म्हणजे अंगठा दाबलेला पाईप. आणि काही टॉर्चचा आरसा मुद्दाम खडबडीत केलेला असतो, उजेड मऊ पसरावा, ते डाग-वलयं जावीत म्हणून, आणि त्या आरशाचं नाव काय असावं? ऑरेंज पील. संत्र्याची साल. चीनमध्ये कुठंतरी बसून कोणी टॉर्च बनवते आणि तिच्या पोटात संत्र्याची साल असते, हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला, आपला काही संबंध नसताना.

सगळ्यात आवडलं ते अंतराचं माप. अमेरिकेत २००९ मध्ये टॉर्च मोजायचं एक मानक आलं, एफएल-वन म्हणतात, त्याआधी ज्याला जे वाटेल तो ते डब्यावर छापायचा (फुटपाथवर अजूनही तेच सुरू आहे). त्या मानकात टॉर्च किती मीटर जाते हे कसं ठरवतात, तर जिथं उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंत. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं टिपूर चांदणं. म्हणजे डब्यावर दोनशे मीटर लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ दोनशे मीटरवर चांदण्याएवढा उजेड पडेल, तिथला माणूस ओळखू येईल असं नाही. आणि किती वेळ चालते तेही असंच, सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत मोजत राहतात. मोठ्या अक्षरात हजार ल्युमेन आणि शेजारी तीन तास लिहिलं असलं तर ते हजार तीन तास नसतात, बहुतेक वेळा ते मिनिट-दोन मिनिटं असतात, मग टॉर्च तापते आणि आपली आपण खाली येते. एवढ्याशा नळीत तो ताप जाणार कुठं? त्यात आपल्याकडं मे महिन्यात पंचेचाळीस, हवाच तापलेली. मी एकदा दुपारी गच्चीवर टाकीत बघायला टॉर्च फुलवर लावली तर ती उन्हानेच आधी तापलेली होती, हातात धरवेना, दुपट्ट्यात गुंडाळून धरली. तेव्हापासून एक पथ्य पाळतो, लिथियमचा सेल असलेली कुठलीही वस्तू गाडीच्या डिक्कीत ठेवत नाही. उन्हात लावलेल्या ॲक्टिव्हाच्या डिक्कीत पापड भाजून निघतील, सेलचं काय घेऊन बसलात.

आणि डोळ्याचंही एक आहे, उजेड दुप्पट वाटायला ल्युमेन साधारण चौपट लागतात. म्हणून पाचशे आणि सातशेमध्ये पैशांचा फरक पडतो, डोळ्याला फारसा नाही. ज्या टॉर्चवरून हा सगळा टॅक्टिकल प्रकार लोकांच्या खिशात आला, ती शुअरफायर कंपनीची ६पी, ऐंशीच्या दशकातली, तिचा उजेड होता साठ-पासष्ट ल्युमेन. तेवढ्यात पोलिसांचं भागायचं. मला मनीष नगरात हजार कशाला पाहिजे होते? माझे शत्रू कोण, तर झाकण गेलेलं चेंबर, सिमेंट रोडसाठी खोदून ठेवलेला अर्धा रस्ता, अंधारात रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली गाय. गायीवर लुकलुक मारून बघा काय होते. काहीही होत नाही. ती बघत राहते.

टॅक्टिकल म्हणजे नेमकं काय हेही मग बघितलं, शिव्या द्यायच्या तर माहिती काढून द्याव्या. त्यातली एक गोष्ट खरंच कामाची निघाली. बटण मागं, बुडाशी, अंगठ्याखाली, आणि ते अर्धंच दाबलं की दाबून ठेवाल तोवर उजेड, सोडलं की अंधार. टक् करून पूर्ण दाबायची गरजच नाही. कुलपात किल्ली घालण्यापुरता, पायरी बघण्यापुरता. सगळ्या मागच्या बटणांना हे जमत नाही, काही उलट्या जातीची असतात, ती आधी पूर्ण दाबून सोडावी लागतात तेव्हाच लागतात, आणि मग अर्धं दाबलं की मोड बदलतो. माझी ती उलटी होती, म्हणून तर घाबरून दाबल्यावर ती विझली नाही, फुलवर आली. बाकी ते दातेरी तोंड, ज्याने म्हणे काच फोडता येते, त्याने माझ्या दोन पँटींचे खिसे फाडले. आणि लुकलुक समोरच्याला गांगरवण्यासाठी असते. ते काम तिने चोख केलंच होतं म्हणा.

शौकीन लोकांमध्ये कॉनव्हॉयची एस-टू-प्लस फार चालते, एक १८६५० सेल, साधी नळी, स्वस्त आणि मजबूत, मीही तिच्यावर आठवडाभर अडकलो होतो. पण ती बारा सेंटिमीटरच्या आसपास, खिशात ठेवून बाईकवर बसलं की मांडीत टोचणार. आणि माझा खरा प्रश्न वेगळाच होता, सेल संपला तर काय? १८६५० काही किराणा दुकानात भेटत नाही. मग मी खाली सरकलो, पेन्सिल सेलच्या आकारावर. या आकारातही लिथियमचा सेल येतो, १४५००, चौदा मिलीमीटर बाय पन्नास, दिसायला डिट्टो पेन्सिल सेल, पण व्होल्टेज ३.७. काही टॉर्च अशा असतात की त्यात हाही चालतो आणि साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेलही, उजेड कमी पडतो पण पडतो. म्हणजे रात्री दहाला कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरून सेल घेऊन टाकता येईल. उलटं मात्र करू नये, तो ३.७ वाला उचलून घड्याळात किंवा टीव्हीच्या रिमोटमध्ये टाकला तर रिमोट गेला समजा, म्हणून मी त्यावर लाल नेलपेंटचा ठिपका लावून ठेवलाय, नेलपेंट अर्थातच न विचारता घेतलेलं.

रंगावर माझं घोडं सगळ्यात जास्त अडलं. फुटपाथच्या टॉर्चचा उजेड निळसर पांढरा, त्यात सगळंच राखेतून काढल्यासारखं दिसते. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, वरून पिवळ्या लेपाने त्याला पांढरा केलेला, टॉर्च बंद असताना आत डोकावलं तर तो दिसतोही, हळदीचं बोट टेकवल्यासारखा बारीक चौकोन. लेप कसा आहे त्यावर रंग किती खरे दिसतात ते ठरते, त्याला सीआरआय म्हणतात, शंभर म्हणजे उन्हासारखं, साध्या टॉर्चमध्ये सत्तरच्या आसपास, नव्वदच्या वर असला तर चांगला. आता पायाशी वाळलेलं पान आहे की बेडूक हे कळायला रंग लागतोच ना. मला नव्वदवाली, थोड्या पिवळ्या उजेडाची पाहिजे होती. त्यात ल्युमेन थोडे कमी भेटतात. भेटू दे. तशी नवी टॉर्च घरी आल्यावर पहिल्यांदा फ्रीजमधून संत्र काढलं आणि अंधार करून दोन्ही टॉर्च त्यावर मारल्या. एकीत ते शिळ्या लिंबासारखं दिसलं. दुसरीत संत्र.

तर ही दुसरी अठराशे रुपयांची. चिनीच. बोटाएवढी, शर्टाच्या खिशाला क्लिप लागते, पाण्यात बुडली तरी चालते असं लिहिलेलं आहे, आणि मी ते बादलीत टाकून बघितलं आहे. लुकलुक तिच्यात आहे पण ती आत कुठंतरी लपवलेली, तीन-चारदा मुद्दाम दाबल्याशिवाय निघत नाही. झाकण पाव आटा सैल केलं की ती लागतच नाही, हे शिकायच्या आधी ती एकदा ऑफिसात खिशातल्या खिशात लागली होती, मला वाटलं छातीत जळजळ होऊन राहिली, सकाळचा तर्री-पोहा असेल, आणि समोरचा माणूस म्हणाला साहेब तुमचा खिसा पेटला. पण मी तिला ज्यासाठी घेतलं ते तिचा सगळ्यात कमी उजेड. एक ल्युमेन. मूनलाईट म्हणतात त्याला. डोळ्यात बघितलं तरी दुखत नाही. पहिल्या रात्री मी तो लावून घरभर हिंडलो, पोरगी झोपली होती तिच्या खोलीत जाऊन पंखा कमी केला, ती जागी झाली नाही. मग काहीतरी सुचलं म्हणून फुलवर करून काचेवर तळहात ठेवला. बोटं लाल झाली. बाबांच्या बोटांसारखी नाही, माझी बोटं जाड आहेत आणि त्यांना कधी कुदळ लागलेली नाही, पण लाल झाली.

चौकीदार काकांना मी ती दाखवली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. का दाखवली माहीत नाही, बहुतेक मी सुधारलो हे त्यांना कळावं म्हणून. त्यांनी हातात घेऊन उलटीपालटी केली, वजन बघितलं, क्लिप उचकवून बघितली. डोळा आता बरा आहे म्हणाले, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. मग विचारलं, "केवढ्याची?"

पाचशे, मी म्हटलं.

अठराशे म्हणायला तोंड उघडलंच नाही. त्यांचा पगार किती हे मला माहीत आहे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो शंभर रुपयांनी वाढवावा की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली होती आणि मी त्या चर्चेत गप्प बसलो होतो. ते म्हणाले, "पाचशे? एवढुशी?" आणि परत दिली. त्यांची काच टेप लावलेली टॉर्च मी बदलून द्यावी असंही मनात आलं होतं, साडेचारशेवाली तर नुसती ड्रॉवरमध्ये पडून होती. पण ती कोणत्या तोंडाने देणार, तीच तर त्यांच्या डोळ्यावर मारली होती. नवी घेऊन द्यावी तर ते नको म्हणतील, किंवा घेतील आणि मग रोज मला सलाम जरा जास्त वाकून करतील, आणि मला तेही नको होतं. शेवटी साडेचारशेवाली भाचा घेऊन गेला. त्याला लुकलुकच आवडली.

जुलैत परत लाईट गेली. या वेळी वादळबिदळ काही नाही, नुसता पाऊस, रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मी खाली गाडीची खिडकी लावली का बघायला उतरलो. जिन्यात एक ल्युमेन लावलेला, टॉर्च जमिनीकडे, पायरी दिसते एवढा उजेड, आणि खरं सांगतो मला स्वतःचं थोडं कौतुकच वाटत होतं. गेटजवळून काका आले, त्यांची पिवळी टॉर्च पायाशी धरून, टेपमुळं तिच्या उजेडात एक आडवी काळी पट्टी. माझ्या हाताकडं त्यांनी वाकून बघितलं.

"विझून राहिली का भाऊ? सेल गेला वाटते तुमचा."

मी सांगणार होतो. मूनलाईट मोड, डोळ्याला त्रास होऊ नये म्हणून, तुमच्यासाठीच खरं तर. सगळं तोंडापर्यंत आलं होतं.

"हाव," म्हटलं, "गेला वाटते."

"पाचशेच्या चीजेचं असंच राहते," ते म्हणाले, आणि त्यांनी त्यांची टॉर्च माझ्या पायांसमोर धरली. पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी होतं. मी माझी बंद करून खिशात टाकली आणि त्यांच्या उजेडातून गाडीपर्यंत गेलो, ते अर्धं पाऊल मागं, उजेड अर्धं पाऊल पुढं. खिडकी उघडीच होती.